कपाट ठासून भरलंय, अंगाला येणारे कपडे मात्र मोजकेच. आवरायला सुरुवात कुठून करू?

निळीशाई

सोमवारी सकाळी कामावर निघायची घाई होती. कपाट उघडलं तर वरच्या खणातली स्वेटरची चळत अंगावर आली. ती परत कोंबायला गेले आणि हँगरची दांडी एका टोकाला खोबणीतून सुटली. सगळं पलंगावर. त्या ढिगातून एकेक शर्ट काढून घालत गेले. पहिल्याची बटणं छातीवर ताणली, दुसऱ्याची बाही काखेत रुतली, तिसरा पोटावर उघडा राहिला. चौथा काढताना रडू आलं. चारही शर्ट माझेच, हौसेने घेतलेले, आणि एकही मला होत नव्हता.

थोडं मागचं सांगते. दोन वर्षं एका दुखण्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. त्या काळात वजन १४ किलोंनी वाढलं, आणि वाढलं तेही सगळीकडे सारखं नाही. पोट, चेहरा, मानेचा मागचा भाग. हातपाय जवळजवळ होते तसेच आहेत. त्यामुळे दोन नंबर मोठा कपडा घेतला की पोटावर नीट बसतो आणि खांद्यावरून ओघळतो. गोळ्या आता बंद झाल्यात. वजन थोडं उतरेल असं डॉक्टर म्हणतात. किती आणि कधी, ते कोणी सांगू शकत नाही.

काल बसून मोजले. आतले कपडे आणि मोजे सोडून ११२. त्यातले गेल्या दोन महिन्यांत अंगावर चढलेले १९. म्हणजे ९३ कपड्यांची मी नुसती राखण करतेय.

याआधी दोनदा आवरायला घेतलंय. दोन्ही वेळा सगळं बाहेर काढलं, प्रत्येक कपडा हातात घेऊन विचार करत बसले, रात्री झोपायला जागा हवी म्हणून सगळं पुन्हा आत. "टाकून दे सगळं" हे मैत्रिणी सांगतात, ते माझ्याच्याने होत नाही. आणि एक विनंती, वजन कसं कमी करावं ते कृपया इथे सांगू नका. कपड्यांचं काय करू एवढंच विचारतेय.

पाऊलवाट

अगं, आधी ती दांडी दुरुस्त करून घे. खरंच सांगते, पहिलं काम तेच.

आता बाकीचं. सगळं बाहेर काढायचं हीच चूक होते. ११२ वेळा "ठेवू का देऊ" हे एका दिवशी ठरवणं कोणालाही झेपत नाही. चाळीस-पन्नास झाले की डोकं थकतं आणि मग आपण सगळंच ठेवतो, किंवा रागाने सगळंच काढतो. मी दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही करून बसलेय.

तू उलटं कर. ते १९ कपडे आधी काढून घे आणि हाताशी येतील असे लाव. कपाटाचा मधला, सगळ्यात सोयीचा भाग त्यांचा. उरलेले ९३ न बघता, न निवडता, पिशव्यांत भरून दुसऱ्या खोलीत ठेव. काहीही ठरवायचं नाही. फक्त रोज सकाळी कपाट उघडल्यावर जे दिसेल ते तुला होणारं असेल, एवढंच करायचं. निवडानिवड नंतर, सावकाश, पिशवी-पिशवीने.

बाळंतपणानंतर माझं वजन वर्षभरात पूर्वीइतकं झालं, तरी जुन्या जीन्स कमरेत बसल्याच नाहीत. हाडंच रुंदावली होती. चपलेचा नंबरसुद्धा अर्ध्याने वाढला तो कायमचा. काट्यावरचा आकडा परत येतो आणि आकार येत नाही, असंही होतं. म्हणून "वजन उतरलं की बघू" म्हणत सगळंच अडवून ठेवू नकोस.

कडुनिंब

माझं मत थोडं वेगळं आहे. घाईने काहीही देऊ नका.

माझं उलट झालं होतं. आजारपणात वजन २० किलोंनी उतरलं, सगळे कपडे ढगळ झाले. बरं वाटायला लागल्यावर एका रविवारी उत्साहात सगळं देऊन टाकलं. पुढच्या दीड वर्षात १२ किलो परत चढले, जे चढायलाच हवे होते. मग पँटपासून जॅकेटपर्यंत सगळं नव्याने घ्यावं लागलं. त्यात वडिलांनी शिवून घेऊन दिलेला एक कोट होता. तो आता कोणाच्या अंगावर आहे देव जाणे. अजून आठवतो.

तुमचं शरीर अजून स्थिरावलेलं नाही. औषध नुकतंच थांबलंय. अशा वेळी एक मधला टप्पा ठेवा. आजच्या मापापेक्षा एक नंबर लहान असलेलं जे खरंच आवडतं, ते एका खोक्यात. बाहेर तारीख लिहा. वर्षाने उघडा.

पाऊलवाट

हे मान्य. मीही पिशव्या लगेच देऊन टाक म्हटलं नाही. पण खोकं एकच, आणि झाकण लागेल एवढंच.

सुईदोरा

मी २६ वर्षं शिवणकाम करते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका हेच गाऱ्हाणं घेऊन येतात, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

निळी, कपड्याला "होत नाही" म्हणण्याआधी तो उलटा कर. आतली शिवण बघ. शिवणीच्या बाहेर कापड किती सोडलंय ते बोटाने चाचप. काही कपड्यांत तिथे चांगलं अर्धा-पाऊण इंच दाबलेलं कापड असतं, काहींत ओव्हरलॉकच्या, म्हणजे कापडाची कड सुटू नये म्हणून घातलेल्या, दोऱ्याशिवाय काहीच नसतं. पहिल्या प्रकारचे कपडे वाढतात. दुसऱ्या प्रकारच्यांवर जीव लावून उपयोग नाही.

हिशोब सोपा आहे. बाजूच्या एका शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर. दोन बाजू धरल्या की चार पदर. प्रत्येक पदरातून नुसता पाव इंच सोडला तरी घेर एक इंचाने वाढतो. शर्टाची दोन बटणं ताणत असतील तर एवढ्यानेही कित्येकदा भागतं. पुरुषी पद्धतीच्या शिवलेल्या पँटमध्ये मागे, बैठकीच्या शिवणीत मुद्दाम जास्त कापड ठेवलेलं असतं. तिथून कंबर दीड-दोन इंच सहज सुटते. जीन्समध्ये हे नाही. तिची शिवण दुमडून दुहेरी टाक्याने बंद केलेली असते, उसवलं तरी आत शिल्लक काही नसते.

आता जिथे हात घालू नये त्या जागा. खांदा. खांदा चुकला असेल तर तो कपडा सोडून द्यावा. खांदा बदलायचा म्हणजे बाही काढायची, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, पुन्हा कापायचा, कॉलर हलवायची, म्हणजे कपडा नव्यानेच शिवायचा. काख रुतत असेल आणि आत कापड नसेल तर काखेत त्याच रंगाचा चौकोनी तुकडा, चौबगला, लावता येतो. हात खाली असताना तो दिसत नाही. पण हे सुती किंवा लोकरी, जरा अंगाच्या कापडावर करावं. पातळ झिरझिरीत कापडावर तिथे टाके ओढले जातात.

आणि उसवण्याआधी एक चाचणी. शिवणीचा दोन बोटं भाग उसवून आतलं कापड उजेडात धर. बाहेरचा रंग धुऊन विटलेला असेल तर आतला गडद पट्टा उठून दिसेल. सुईची भोकं राहतील का तेही तिथेच कळतं. दोन बोटं पुन्हा टाचता येतात, सगळी शिवण उसवली की परतीचा रस्ता नाही.

तुझं जे म्हणणं आहे, पोटाला बसतो आणि खांद्यावरून ओघळतो, ते मी रोज बघते. तयार कपडे प्रत्येक नंबराला सगळीकडून ठरावीक प्रमाणात वाढवतात. शरीर तसं वाढत नाही. नवीन घेशील तेव्हा शर्ट खांद्याला बसणारा घे आणि बाजूला घेर सोडलेला, ए आकाराचा, म्हणजे खाली रुंद होत जाणारा, किंवा बाजूला चिरा असलेला बघ. खांदा नीट बसला की पोटाकडे नजर जातच नाही.

निळीशाई

सुईदोरा ताई, हे कोणी मला कधी सांगितलंच नव्हतं. मी कपडा आरशात बघत होते, उलटा करून कधी बघितलाच नाही. आज रात्री बसते.

एक विचारू? नंबर बघितला की मला फार लागतं. पूर्वी ज्या नंबरावरून हात फिरवायचे त्याच्या दोन नंबर पुढे आता जावं लागतं. लेबल कापून टाकावं असं वाटतं.

सुईदोरा

काप ना. मी स्वतःच्या कपड्यांची कापते, मानेला टोचतात म्हणूनही. धुण्याच्या खुणांचं लेबल तेवढं ठेव.

त्या नंबराची गोष्टही ऐक. अमेरिकेत १९३९-४० मध्ये जवळजवळ १५,००० बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९. त्यांच्यावरून १९५८ मध्ये तयार कपड्यांच्या मापांचं प्रमाण ठरवलं. पाळायची सक्ती तेव्हाही नव्हती, आणि १९८३ मध्ये ते मागेच घेतलं गेलं. पुढे ज्याने त्याने आपापलं माप ठरवलं. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान नंबर लावायची चाल पडली. त्यामुळे एकाच बाईला एका कंपनीचा दहा होतो आणि दुसरीचा चौदा. माझ्या वहीत मी कोणाचाही नंबर लिहीत नाही. इंच लिहिते. छाती, कंबर, बैठक, खांदा, बाही. तूही टेप घेऊन आजची ही पाच मापं एका कागदावर लिही आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटव. कपडा हातात आला की त्याला टेप लाव. घालून बघायचीही गरज नाही. रोज चार-चार कपडे घालून रडायचं तर अजिबात नाही.

ओलंसुकं

कापडाच्या तपासणीचं काम करतो, म्हणून कडुनिंब यांच्या खोक्याबद्दल एक सांगावंसं वाटतं. खोक्यात ठेवलेलं सगळंच टिकत नाही.

ताणल्या जाणाऱ्या जीन्स, लेगिंग्ज, पोहण्याचे कपडे, यांत इलॅस्टेन असतं. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला हा धागा. खूप ताणला तरी मूळ लांबीला परत येतो, म्हणून सगळ्यांना हवा असतो. पण उष्णता, घाम, क्लोरीन यांनी तो हळूहळू मरतो आणि वापर नसला तरी वय होतंच. अशी जीन्स पाच-सात वर्षांनी काढली की गुडघ्यावर पोपडे आल्यासारखी लाट उठते आणि ती जात नाही. बारीक झाल्यावर घालीन म्हणून ती ठेवण्यात अर्थ कमी.

नकली चामड्याचं त्याहून वाईट. वरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने आतूनच विरत जातो. बंद कपाटात न वापरता ठेवलेलं जॅकेट एक दिवस काढावं तर कॉलरचे काळे पापुद्रे हाताला चिकटतात. ज्यांनी जपून ठेवलं त्यांना हे फार लागतं, पण त्यांचा काही दोष नसतो.

उलट चांगलं सुती, लिननचं, लोकरीचं कापड नीट धुऊन, पूर्ण सुकवून ठेवलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. तेव्हा खोक्यात काय घालायचं ते लेबलावरचं कापड बघून ठरवा. सुती शर्ट ठेवा. स्ट्रेच जीन्स आज जिला होते तिला द्या, अजून जीव आहे तोवर.

दुसरीखिडकी

माझी अडचण महागाच्या कपड्यांची होती. एक लांब लोकरी कोट, पगाराचा मोठा हिस्सा घालून घेतलेला, दोनदा घातला. दोन घरं बदलली तरी तो बरोबर. कोणी विकत मागितला तर मी ऐकूनही घेत नसे.

याचा अभ्यास झालेला आहे. १९९० मध्ये कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी एका वर्गात निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि उरलेल्यांना विचारलं, कितीला घ्याल. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. मग तोच, काही मिनिटांपूर्वी मिळालेला. नुसता "माझा" झाला आणि भाव वाढला. मग आपल्या कपाटात पाच वर्षं राहिलेल्या कोटाचं काय होत असेल!

मला उपयोगी पडला तो एक प्रश्न. आत्ता हा कोट दुकानात टांगलेला दिसला, माझ्या आजच्या अंगाला, आजच्या आयुष्याला, तर मी पैसे मोजून घेईन का? नाही. पैसे घेतानाच गेले होते, कोट ठेवून ते परत येणार नव्हते. माझ्या भाचीला तो उत्तम बसला. ती तो घालून आली त्या दिवशी मला पहिल्यांदाच त्या कोटाचा आनंद झाला.

वाळवण

+१ सुईदोरा आणि पाऊलवाट दोघींना. लहान मुलांच्या कपड्यांचं तेवढं सोपं असतं, एक जोड आठवणीला ठेवायचा आणि बाकीचे लगेच पुढे द्यायचे, मूल वाढतंच आहे. आपल्या कपड्यांत आपलंच मन अडकतं.

सांजवेळ

धागा वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझ्याकडे जे न होणारे कपडे आहेत ते आईचे. तीन वर्षं झाली. तिच्या कपाटाला हात लावला नाही. माझे स्वतःचे कपडे मी खुर्चीवर ठेवतो, कारण घरातलं मोठं कपाट तिचं आहे. बायको काही बोलत नाही. पण मला कळतं.

निळीशाई, तुमच्या ९३ कपड्यांतही मला तसंच काहीतरी वाटतं. आजाराआधीच्या बाईचे कपडे आहेत ते. ती कुठे गेली नाही, तुम्हीच आहात, पण तिचे कपडे देताना कोणाला तरी निरोप दिल्यासारखं होत असेल. चुकत असेन तर माफ करा.

निळीशाई

चुकलेलं नाही. तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं आणि मग फोन बाजूला ठेवला. अगदी हेच आहे. मला कपडे होत नाहीत याचं वाईट नाही वाटत इतकं, जितकं ती सकाळी धावत बस पकडणारी मी आठवून वाटतं.

पाऊलवाट

सांजवेळ दादा, माझ्या सासूबाईंचे कपडे आम्ही तिघी जावांनी मिळून काढले. एकटीने नाही. एका दुपारी फक्त एक खण. प्रत्येकीने एकेक वस्तू घेतली आणि ती वापरायची असं ठरवलं. माझ्याकडे त्यांचा करडा कार्डिगन आहे. डाव्या कोपरावर त्यांनी स्वतः रफू केलाय, दोरा जरा गडद, जाळी इतकी बारीक की नखाने चाचपलं तरच लागते. थंडीत रोज घालते. माझं बोट त्या रफूवर आपोआप जातं. बंद कपाटात तो असता तर मला तो रफू कधी दिसलाच नसता.

तुमच्या बायकोला बरोबर घ्या. एकच खण.

कडुनिंब

आणि एकेक कपड्याचा फोटो काढून ठेवा देण्याआधी. माझ्या त्या कोटाचा एकही फोटो नाही.

ओलंसुकं

जे कपडे ठेवणार आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. लोकर आणि रेशीम ठेवायच्या आधी धुतलेच पाहिजेत, स्वच्छ दिसत असले तरी. कसर लागते ती किड्याच्या अळीमुळे. उडणारा छोटा पिवळसर पतंग स्वतः काही खात नाही, त्याच्या अळ्या लोकर, रेशीम, पिसं खातात. घामाचा, जेवणाचा डाग असला तर तिथे आधी. सुती कपड्यावर सहसा जात नाहीत. भोकं दिसलीच तर कपडा हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे पूर्ण ठेवा. अंडी-अळ्या मरतात. मग झटकून धुवा.

डांबरगोळ्या झोपायच्या खोलीतल्या उघड्या कपाटात नकोत. त्यांचं घनाचं थेट वायूत रूपांतर होतं आणि तोच वायू आपण रात्रभर श्वासात घेतो. घरात तान्हं मूल असेल तर या गोळ्या त्याच्या आसपासही नकोत. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळल्यामुळे रक्तपेशी फुटून गंभीर आजार होऊ शकतो. बऱ्याच घरांत ही कमतरता आहे हे माहीतही नसतं.

दुसरीखिडकी

देण्याबद्दल मी थोडं लिहिते, कारण यात मी पूर्वी चुकायचे.

आधी विचारायचं, मग द्यायचं. जिथे देणार तिथे काय लागतं ते विचारल्याशिवाय गठ्ठा नेऊन टाकला तर निवडण्याचं काम आपण दुसऱ्यावर ढकलतो. धुतलेला, सुकवलेला, बटणं पुरी असलेला, चेन चालणारा कपडाच द्यावा. तुटकं बटण लावायला पाच मिनिटं लागतात. आपण जे दुसऱ्याच्या हातात द्यायला लाजू ते पिशवीत घालू नये.

फाटकं, विटलेलं असेल तर त्याची वाट वेगळी. सुती बनियन, टी-शर्ट यांची फडकी उत्तम होतात, पाणी चटकन शोषतात. पॉलिएस्टरची होत नाहीत, ते पाणी नुसतं पुढे ढकलतं.

कुठेतरी त्याचं पुन्हा कापड होईलच, असं मात्र मनाचं समाधान करून घेऊ नये. जुनी लोकर पिंजून त्यापासून नवं कापड विणायची युक्ती १८१३ मध्ये इंग्लंडातल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ यांनी काढली, ती अजून चालते, पण लोकर शुद्ध असली तर. आजचे कपडे मिश्र. सूत, पॉलिएस्टर, इलॅस्टेन एकाच धाग्यात पिळलेले. ते वेगळे करणं फार अवघड. वस्तूंच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात म्हटलंय की कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी पुन्हा कपडा होतो तो एक टक्क्याहूनही कमी. हे वाचल्यापासून मी नवीन घेतानाच दहा वेळा थांबते.

निळीशाई

पंधरा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांना सांगायचं होतं.

दांडी बसवली. १९ कपडे मधोमध. पाच मापं दाराच्या आत चिकटवली, सुईदोरा ताई. रोज रात्री जेवणानंतर एक पिशवी, जास्तीत जास्त पंधरा कपडे, टेप लावून. घालून बघितलं नाही एकही.

९३ पैकी सात असे निघाले की ज्यांच्या शिवणीत खरंच कापड आहे. अकरा खोक्यात गेले, सगळे सुती किंवा लोकरी, बाहेर तारीख लिहिलीये, झाकण लागतं. नऊ स्ट्रेच जीन्स आणि लेगिंग्ज मावसबहिणीला विचारून दिल्या, ती खूश. एका नकली चामड्याच्या जॅकेटला हात लावला तर ओलंसुकं म्हणाले तसंच झालं, सगळे पापुद्रे बोटांना. तेरा शर्टांची फडकी. उरलेल्यांपैकी बरेच धुऊन, बटणं लावून दोन ठिकाणी विचारून दिले. अजून बारा कपड्यांची एक पिशवी आहे. ती मी उघडली नाही. तिच्यात कामाच्या पहिल्या वर्षाचे कपडे आहेत. सध्या तशीच राहू दे म्हणतेय.

सांजवेळ

राहू द्या. आम्ही काल एक खण उघडला. दोघांनी. एक शाल बाहेर आली, बाकी परत ठेवलं. माझे चार शर्ट त्या कपाटात टांगले. एवढंच झालं.

पाऊलवाट

खूप झालं, दादा.

निळीशाई

सुईदोरा ताई, एक अडलंय. त्या सातांतला मोरपंखी शर्ट मी स्वतः उसवला. दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच सोडून हाताने टाचून बघितला. बटणं लागली. श्वास घेतला तरी लागलेली राहिली. रंग आतबाहेर सारखाच आहे, तेही नशीब. पण जुन्या शिवणीच्या जागी भोकांची रांग दिसतेय, ठिपक्यांची रेघ मारल्यासारखी. शुद्ध सुती आहे. उद्या मशीनवर शिवून घेणार, त्याआधी ही रेघ जाईल का?

सुईदोरा

शाब्बास गं. सुती आहे तर बरीचशी जाईल. कापड उलट्या बाजूने पसर. रेघेवर पाण्याचा हात फिरव, जरा ओलसर होऊ दे, मग नखाने आडवं-उभं हळू खरवड, म्हणजे सरकलेले धागे परत जागेवर येतात. वर ओलं फडकं ठेव आणि गरम इस्त्री दाबून उचल, दाबून उचल. घासायची नाही, घासलं की भोकं लांबतात. काही ठिपके राहिले तर काळजी करू नकोस, दोन-तीन धुण्यांत मिटतील. आणि शिवताना काखेच्या टोकाला दोनदा उलटं-सुलटं टाक, हात वर केल्यावर सगळा ताण तिथेच येतो.